डॉक्टरांनो, अनुभव नका लिहू, गोष्ट लिहा

हल्ली फोन उघडला की दोन दिवसांआड एखाद्या डॉक्टरची पोस्ट समोर येतेच. "काल ओपीडी संपता संपता एक आजी आल्या" अशी सुरुवात, मधे आजींचं दुखणं कमी आणि आजींच्या मुलाने त्यांना कसं वाऱ्यावर सोडलंय तेच जास्त, मग डॉक्टरांचे पाणावलेले डोळे, फी घेतली नाही हे अगदी सहज ओघात आल्यासारखं, आणि तळाला एक ओळ, "गोपनीयतेसाठी नाव बदललं आहे". खाली हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस. देवमाणूस, असे डॉक्टर आता राहिले नाहीत, वगैरे. मीही अशा पोस्ट वाचतो, क्वचित गलबलूनही येतं, खोटं कशाला बोलू. पण वाचून झालं की दर वेळी तोच प्रश्न पडतो, की ही पोस्ट फॉरवर्ड होत होत त्या मुलाच्या फोनवर पोचली तर? किंवा आजींच्याच?

माझं म्हणणं सरळ आहे. फॅमिली डॉक्टरने लिहू नये असं मी मुळीच म्हणत नाही, भरपूर लिहावं. पण पेशंटवर लिहायचं असेल तर कथा लिहावी, कादंबरी लिहावी, निखळ काल्पनिक, आणि हे "सत्य अनुभव" नावाचं प्रकरण आवरतं घ्यावं. लोकांची समजूत नेमकी उलटी असते. अनुभव लिहिणारा प्रामाणिक, आणि कथा-कादंबऱ्या लिहिणारा डॉक्टर म्हणजे पेशंटच्या दुःखावर स्वतःचं साहित्य पोसणारा, असं कुठेतरी मनात बसलेलं असतं. मला तर वाटतं पेशंटशी इमान राखायचं असेल तर काल्पनिक गोष्ट हाच त्यातल्या त्यात धड मार्ग आहे, आणि लिखाण म्हणूनही तोच बरा.

सगळ्या डॉक्टरांबद्दल बोलत नाहीये मी. सर्जनची पेशंटशी ओळख चार दिवसांची, त्यातही ऐन महत्त्वाच्या वेळी पेशंटला भूल दिलेली. फॅमिली डॉक्टरचं तसं नसतं. त्याला आजोबांची शुगर माहीत असते, मुलाचं पिणं माहीत असतं, सुनेचं लग्नाआधी काय झालं होतं जे घरात कोणालाच माहीत नाही तेही माहीत असतं, आणि हे तिघं बाहेर एकाच बाकावर शेजारी शेजारी बसून नंबर यायची वाट बघत असतात. शिवाय यातलं निम्मंअधिक तपासताना कळलेलंच नसतं. जनरल प्रॅक्टिस करणारे लोक एक गोष्ट हमखास सांगतात. पेशंट सर्दी-खोकल्याचं सांगतो, प्रिस्क्रिप्शन घेतो, घडी घालून खिशात टाकतो, उठतो, दारापर्यंत जातो, दाराच्या मुठीवर हात ठेवतो आणि धड मागे न वळताच म्हणतो, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं." खरी तक्रार ती असते. गाठ लागतेय. छातीत कळ येते. रात्री झोप नाही आणि नको नको ते विचार येतात. आधीची दहा मिनिटं नुसती धीर गोळा करण्यात गेलेली असतात, सर्दी वगैरे सगळं निमित्त.

हे वाक्य अनोळखी डॉक्टरसमोर तोंडातून निघत नाही. आणि या ओळखीला नुसतं भावनिक मोल आहे असंही नाही. नॉर्वेमध्ये २००१ पासून प्रत्येक माणसाच्या नावावर एक ठरलेला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, असतो, त्या देशभरच्या नोंदींवर एक मोठा अभ्यास झाला, त्यात एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्या लोकांमध्ये, जेमतेम वर्षभराची ओळख असलेल्यांच्या मानाने, मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी आणि तातडीने ॲडमिट व्हायची शक्यता सुमारे २८ टक्क्यांनी कमी दिसली. आता यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला यावर वाद घालता येईल, पण डॉक्टर जुना असणं आणि माणूस टिकणं यांचा काहीतरी संबंध आहे एवढं मानायला हरकत नसावी. म्हणजे ही जी माहिती पंधरा-वीस वर्षांत साठते ती औषधाइतकीच कामाची असते, आणि पेशंटने ती एका भरवशावर दिलेली असते, की इथून बाहेर जाणार नाही. लेखकाच्या दृष्टीने बघितलं तर याहून श्रीमंत खजिना नाही. इथेच सगळी गोची आहे.

प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटसच्या नावावर चालत आलेली डॉक्टरांची शपथ दोन हजारांहून जास्त वर्षं जुनी, आणि तिच्यात नुसतं आजाराबद्दल गप्प बसा असं नाहीये, उपचार करताना किंवा एरवीही लोकांच्या आयुष्यात जे बघाल, ऐकाल, आणि जे बाहेर बोलायचं नसतं, ते बाहेर बोलू नका असं आहे. एरवीही. म्हणजे तो मुठीवर हात ठेवून विचारलेला प्रश्न तर आलाच, पण व्हिजिटला गेल्यावर आतल्या खोलीतून ऐकू आलेलं भांडणही आलं.

मग नाव बदललं की भागतं का? अजिबात नाही, आणि याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण रशियन कथाकार चेकॉव्हचं आहे, गंमत म्हणजे त्याने तर कथाच लिहिली होती. अंतोन चेकॉव्ह १८८४ ला डॉक्टर झाला, वैद्यकी ही माझी लग्नाची बायको आणि साहित्य हे लफडं असं तो म्हणायचा ते सगळ्यांना माहीत असतं. १८९२ मध्ये त्याने एक कथा छापली, त्यात एक हौशी बाई, तिचा साधासुधा डॉक्टर नवरा आणि तिचा चित्रकार प्रियकर. चेकॉव्हच्या ओळखीत एक बाई होत्या, त्या चित्रं काढायच्या, नवरा डॉक्टर, आणि चित्रकार लेविटानशी त्यांचं नातं मॉस्कोत जगजाहीर. बोंब झाली. लेविटान हा चेकॉव्हचा जिवलग मित्र, दोघांचं जवळजवळ तीन वर्षं बोलणं बंद. चेकॉव्हने एका पत्रात कुरकुर केलीय की बघा, बेचाळीस वर्षांच्या बाईने माझ्या विशीतल्या नायिकेत स्वतःला ओळखलं, आणि पुरावा काय तर म्हणे ती चित्रं काढते, नवरा डॉक्टर आहे आणि राहते एका चित्रकाराबरोबर!

चेकॉव्ह माझा अत्यंत लाडका लेखक, पण इथे तो साळसूदपणाचा आव आणतोय. वय बदललं, रूप बदललं, आणि सांगाडा तसाच ठेवला. माणूस नावावरून ओळखला जात नाही, वयावरूनही नाही, तो ओळखला जातो घरात कोण कोणाचं कोण आहे आणि कोणाचं कोणाशी वाजलंय यावरून. ज्या आजींची पोस्ट व्हायरल होते त्यांना सुमन म्हणा नाहीतर कमल म्हणा, मुलगा परदेशात, मुलगी शेजारच्या गल्लीत राहून बोलत नाही, आणि आजी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे हिशोब लिहितात, एवढं आलं की आजूबाजूच्या पन्नास लोकांना कळतं. उरलेल्या पन्नास हजारांना कळत नाही हे खरं, पण आजींना ज्यांच्यासमोर मान वर करून चालायचं असतं ते हे पन्नास लोक. डॉक्टरच्या डोळ्यासमोर गोपनीयता म्हणजे अनोळखी वाचक असतो, पेशंटच्या डोळ्यासमोर शेजारी.

कोणी म्हणेल, मग हे उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध गेलं, कथेनेही घात केलाच की. केला. पण कारण काय, तर चेकॉव्हने त्या कथेत पुरेसं खोटं लिहिलं नाही. कथा लिहिणाऱ्याला सांगाडाच मोडायची मुभा असते. डॉक्टर नवऱ्याचा शाळामास्तर कर, चित्रकार काढून टाक, तीन माणसांचं दुखणं एकात घाल, एकाचं तिघांत वाट, मुलगा-आईची गोष्ट दोन बहिणींची कर. जे टिकायला हवं ते फक्त आतलं दुखणं, टाकून दिल्याचं, लपवल्याचं, ते असंही त्या एका आजींच्या मालकीचं नसतं. "सत्य अनुभव" लिहिणाऱ्याला हे करताच येत नाही. केलं तर तो खोटारडा ठरतो, नाही केलं तर चहाडखोर. मधल्या मधे तो फक्त नाव बदलतो आणि मोकळा होतो.

वैद्यकीय जर्नलमध्ये बघा, तिथे हा पेच फार आधी ओळखलाय. केस रिपोर्ट छापायचा तर ओळख पटेल असे डिटेल्स गाळा, आणि तरीही ओळख पटण्यासारखी असेल तर पेशंटची लेखी संमती आणा, पण तपशील असे बदलू नका की शास्त्रीय अर्थ बिघडेल. म्हणजे खरं सांगायचं तर परवानगीने सांगा. पोस्टमध्ये मात्र खरं सांगायचं, परवानगी नाही, आणि शास्त्रही नाही. मग उरलं काय?

बरं, संमती घेऊ म्हणाल तर फॅमिली डॉक्टरच्या बाबतीत ती फारशी भरवशाची वाटत नाही मला. ज्या माणसाकडे उद्या रात्री दोन वाजता पोराला ताप आला तर फोन करायचाय, तो समोर बसून हसत विचारतोय की तुमच्यावर थोडं लिहिलं तर चालेल ना, त्याला नाही म्हणणारा पेशंट दाखवा. हो, लिहा की, त्यात काय, असंच म्हणणार. आणि बऱ्याचदा आवडतंही लोकांना आपल्यावर लिहिलेलं, नाही असं नाही. पण त्या होकाराला पेशंटच्या गरजेची किनार आहे हे डॉक्टरने ओळखायला हवं, कारण ते ओळखणं हेच त्याचं रोजचं काम आहे.

आता लिखाण म्हणून बघू. अनुभवाच्या पोस्टमधला डॉक्टर तुम्ही कधी चुकलेला बघितलाय? चिडलेला, कंटाळलेला, घाबरलेला? क्वचित. तो तिथे बहुतेक वेळा बरोबर असतो, वेळेवर निदान करतो, फी सोडतो, नातेवाइकांना चार शब्द सुनावतो. यात त्या डॉक्टरचा स्वभावदोष नाही, तो स्वतःच्या नावाने लिहितोय आणि उद्या सकाळी त्याच खुर्चीत बसायचंय. तो कसं लिहील की त्या दिवशी मला त्या मुलाचा राग आला होता? किंवा निदान चुकलं? वकिलाची नोटीस येईल.

विल्यम कार्लोस विल्यम्स हा अमेरिकन कवी म्हणून प्रसिद्ध, पण न्यू जर्सीतल्या रदरफर्ड या गावात त्याने चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली, मुलांचा डॉक्टर, बाळंतपणं करणारा डॉक्टर, दोन पेशंटच्या मधे टाइपरायटर पुढे ओढून चार ओळी बडवायचा, प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर कविता खरडायचा. त्याची एक अगदी छोटी कथा आहे, १९३८ च्या संग्रहातली, चार-पाच पानांची असेल. डॉक्टर व्हिजिटला जातो. घरात आई, बाप आणि तापलेली मुलगी. परिसरात घटसर्पाच्या केसेस चालू आहेत, घसा बघायलाच हवा, आणि पोरगी तोंड उघडायला तयार नाही. डॉक्टर गोड बोलतो, ती झडप घालून त्याचा चष्मा उडवते. बाप धरतो आणि तिला लागेल म्हणून ऐन वेळी सोडतो. डॉक्टर लाकडी पट्टी दातांत सारतो, पोरगी पट्टी चावून तिचे तुकडे करते, तोंडातून रक्त येतंय. शहाणा माणूस इथे थांबला असता आणि तासाभराने परत आला असता, हे डॉक्टरला स्वतःला कळतंय, पण तो थांबत नाही, चमचा मागवतो. आणि मग ती कबुली, की आता हे वैद्यकीय कर्तव्य वगैरे राहिलेलं नाही, त्याला त्या पोरीला हरवायचंय, आणि त्यात त्याला मजा येतेय. शेवटी तोंड उघडतं, दोन्ही टॉन्सिल्सवर पडदा, म्हणजे घटसर्पच. पोरगी तीन दिवस घसा दुखतोय हे लपवून बसली होती. म्हणजे डॉक्टर बरोबरच होता! निदान बरोबर, तातडी बरोबर, आणि तरीही त्या खोलीत त्याने काहीतरी वाईट केलेलं आहे.

हे अनुभव म्हणून लिहून बघा. "आज मी एका चिमुरडीचा जीव वाचवला." झालं. रागाचं नाव नाही, रक्ताचं नाव नाही, हात जोडलेल्या इमोजी चालू. खरी गोष्ट सांगायला त्या माणसाला खोट्या गोष्टीचा आडोसा लागला, आणि तो घेतला म्हणून आज घरोघरच्या डॉक्टरांना, आईबापांना सुद्धा, त्यात आपलं काहीतरी सापडतं.

बुल्गाकोव्ह या रशियन लेखक-डॉक्टरचं तर याहून पुढचं. १९१६ ला पास झाला आणि त्याच वर्षी स्मोलेन्स्क भागातल्या एका आडगावच्या दवाखान्यात एकटा, पंचविशीचा पोरगा. त्यावर त्याने पुढे कथा लिहिल्या. एकीत बाळ आडवं आलंय, डॉक्टरने असं बाळ फिरवणं फक्त पुस्तकात वाचलंय. तो सिगारेट आणतो असं सांगून खोलीवर पळतो आणि घाईघाईने प्रसूतिशास्त्राचं पुस्तक उघडतो, तिकडे बाई टेबलावर. कोणत्या डॉक्टरने असं कधी केलं नसेल? आणि कोणता डॉक्टर हे स्वतःच्या बोर्डाखाली लिहील? त्या दिवसांतच बुल्गाकोव्हला मॉर्फिनचं व्यसन लागलं होतं. त्यातून बाहेर आला, आणि १९२७ मध्ये त्यावर कथा छापली, पण कशी, तर एका डॉक्टरच्या हाती दुसऱ्या डॉक्टरची डायरी येते, आणि व्यसन त्या दुसऱ्याचं. दोन पडदे मधे घातले, मगच ते लिहिता आलं. डॉक्टरला स्वतःलाही गोपनीयता लागते हे आपण विसरतो, आणि ती त्याला कथेशिवाय कुठे मिळणार?

एक अपवाद मात्र मान्य करायला हवा, नाहीतर माझं म्हणणं हट्टाचं होईल. काही माणसांचं आजारपण खाजगी राहूच शकत नाही. चर्चिलचे डॉक्टर लॉर्ड मोरान यांनी चर्चिल गेल्यावर पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, आपल्या डायऱ्यांवरून पुस्तक काढलं, १९५३ चा पक्षाघाताचा झटका वगैरे सगळं त्यात, आणि घरच्यांपासून इतर डॉक्टरांपर्यंत बरेच जण खवळले. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष मितेराँ ८ जानेवारी १९९६ ला गेले आणि त्यांच्या डॉक्टरचं पुस्तक दहाच दिवसांत दुकानात, की यांना १९८१ पासून कॅन्सर होता आणि तब्येतीची खोटी पत्रकं निघत होती. कोर्टाने लगेच बंदी घातली, प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि २००४ मध्ये निकाल आला की सुरुवातीची तात्पुरती बंदी ठीक, पण कायमची बंदी अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात बसत नाही. मला हा निकाल पटतो. देशाला वर्षानुवर्षं फसवलं गेलं असेल तर ते कादंबरीत घालून चालणार नाही, नावानिशीच यायला हवं. (पत्रकं त्याच डॉक्टरच्या सहीने निघत होती हा भाग निराळा, तेव्हा तोंड शिवलेलं आणि नंतर पुस्तक, यात शौर्य किती ते ज्याचं त्याने ठरवावं.) पण आजी राष्ट्राध्यक्ष नाहीत. त्यांच्या आजाराने कोणाचं मत बदलणार नाही, की कुठलं सरकार पडणार नाही.

आणि व्यवस्थेवर बोट ठेवायचं असेल तरी कथा कमी पडत नाही. ए. जे. क्रोनिन हा स्कॉटिश डॉक्टर, १९२१ ते २४ साऊथ वेल्समधल्या ट्रेडिगर या खाणगावात जीपी होता, पुढे खाणींचा मेडिकल इन्स्पेक्टर, मग लंडनमध्ये चांगली चालणारी प्रॅक्टिस. म्हणजे फुप्फुसात धूळ गेलेले खाणकामगारही बघितले आणि बड्या बायकांना निरुपद्रवी इंजेक्शनं देऊन फी उकळणारे बडे डॉक्टरही. १९३७ च्या त्याच्या कादंबरीवर इंग्लंडातल्या डॉक्टरांचा मोठा वर्ग भडकला, आणि वाचकांनी ती डोक्यावर घेतली. त्यात एकाही खऱ्या पेशंटचं नाव नाही, एकाही खऱ्या डॉक्टरचं नाही, आणि तरी प्रत्येक बड्या डॉक्टरला वाटलं की हा माझ्यावरच बोलतोय. पुढे १९४८ ला ब्रिटनमध्ये एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा आली, ती आणणारा मंत्री अनायरिन बेव्हन त्याच ट्रेडिगरचा, तिथल्या कामगारांनी वर्गणी काढून चालवलेली वैद्यकीय सोसायटी त्याने लहानपणापासून बघितलेली. कादंबरीमुळे एनएचएस आली असं म्हणणं बाळबोध होईल, ती त्या सोसायटीसारख्या कामांमुळे आणि युद्धानंतरच्या राजकारणामुळे आली. पण लोकांच्या मनात डॉक्टरी व्यवस्थेबद्दल जो राग साचला होता त्याला चेहरा द्यायचं काम क्रोनिनने केलं, आणि त्यासाठी एकाही पेशंटला चव्हाट्यावर आणावं लागलं नाही.

आता दुसऱ्या बाजूने एक आक्षेप हमखास येतो, की लेखक-डॉक्टर पेशंटकडे मटेरियल म्हणून बघतो, समोरचा रडतोय आणि याच्या डोक्यात वाक्य जुळतंय. जुळत असेल, मी नाकारत नाही. पण १९८४ चा एक अमेरिकन अभ्यास आठवतो, डॉक्टर पेशंटला बोलू देतात किती ते मोजलं होतं, सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे तोंड घालत होते. त्या हिशोबात गोष्टीच्या लोभाने का होईना दोन मिनिटं गप्प बसणारा डॉक्टर मला परवडला. मुठीवर हात ठेवलेल्या माणसाला "बसा, काय म्हणत होतात" असं म्हणायला कुतूहलही पुरतं, दर वेळी करुणाच लागते असं नाही. कॉनन डॉयलने १८८२ मध्ये इंग्लंडातल्या साऊथसीला दवाखाना थाटला, पेशंट फारसे फिरकेनात, रिकाम्या वेळात लिहायचा, आणि त्याचा शेरलॉक होम्स म्हणजे मुळात त्याचे एडिंबरोचे शिक्षक जोसेफ बेल, जे पेशंट आत येताच त्याच्या चालण्यावरून, हातांवरून, कपड्यांवरून तो काय करतो आणि कुठून आला ते सांगायचे. निदान करणारी नजर आणि गोष्ट रचणारी नजर फार लांबच्या नाहीत.

पण म्हणून लिहिणारा डॉक्टर जास्त चांगला माणूस असतो हेही मला ऐकवू नका. सेलीन हा फ्रेंच लेखक, खरं नाव देतूश, पॅरिसच्या कडेला क्लिशीत गरिबांच्या दवाखान्यात काम करायचा, १९३२ च्या त्याच्या पहिल्या कादंबरीत त्या वस्तीचं दैन्य असं उतरलंय की वाचून अंगावर येतं. आणि हाच माणूस १९३७ पासून ज्यूंच्या विरोधात इतकी विषारी पुस्तकं लिहितो की आजही वाचवत नाहीत. त्यामुळे मेडिकल कॉलेजात साहित्याचे तास ठेवले की डॉक्टर माणुसकीने वागतील या भाबड्या आशेवर माझा फारसा विश्वास नाही. तास ठेवा, वाचायला काय वाईट आहे, पण अपेक्षा बेताच्या ठेवा. माझा मुद्दा डॉक्टरच्या चांगुलपणाचा नाहीच, पेशंटच्या सुरक्षिततेचा आहे. सेलीनच्या त्या वस्तीतल्या माणसांना निदान एवढं तरी होतं की कादंबरीतला कोणीही म्हणजे आपणच असं शेजाऱ्याला छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

शेवटचा युक्तिवाद असतो की पेशंट आता हयात नाही, मग काय हरकत? जागतिक वैद्यकीय संघटनेच्या जिनिव्हा शपथेत १९६८ मध्ये मुद्दाम शब्द घातले गेले, की पेशंटने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या मृत्यूनंतरही जपेन. आणि शपथ बाजूला ठेवली तरी फॅमिली डॉक्टरचा पेशंट एकटा कधी मरतो? त्याची मुलगी अजून त्याच दवाखान्यात येते, नातू लस घ्यायला येतो. वडील शेवटच्या वर्षात काय काय बोलले ते तिला डॉक्टरच्या पुस्तकातून कळलं तर ती पुढच्या वेळी दाराच्या मुठीवर हात ठेवेल आणि तशीच निघून जाईल, काही न विचारता. तिच्या त्या न विचारलेल्या प्रश्नात काय होतं हे कोणाला कधी कळणारही नाही, त्यामुळे पुस्तकाच्या नावावर ते नुकसान कोणी मांडणारही नाही.

प्रकाशकांना हे सांगून उपयोग आहे का माहीत नाही, कारण "एका डॉक्टरचे खरेखुरे अनुभव" अशी पट्टी लावलेलं पुस्तक कथासंग्रहापेक्षा जास्त खपतं असं तेच सांगतात, आणि खपत असणार. वाचकालाही खऱ्याचीच चटक असते, मला स्वतःलाही आहे. पण डॉक्टरचं हस्तलिखित हातात आलं की संपादकाने निदान एवढं तरी विचारावं, की यातले पेशंट अजून तुमच्याकडे येतात का, आणि त्यांच्या घरी हे पुस्तक गेलं तर चालणार आहे का. उत्तर देताना डॉक्टर जरासा जरी अडखळला तर ती पट्टी काढा आणि त्याला पहिल्यापासून परत लिहायला सांगा, या वेळी खोटं, मन लावून.